भिवा रामजी आंबेडकर : एका धम्मप्रवर्तकाचं बालपण

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तुम्ही काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी पडलो गिरणी कामगार. हातात पेन धरायची सवय पाळी सुटल्यावर लागली. शाळा जेवढी झाली तेवढी झाली, बाकीचं वाचन वाचनालयात, युनियनच्या खोलीत आणि विहारात. म्हणून विद्वानांसारखं लिहिणं जमणार नाही. पण ज्या माणसामुळे आपल्या हातात पेन आलं, त्याच्या लहानपणाबद्दल चार शब्द लिहायला विद्वान असावंच लागतं असंही नाही.

आपल्या कुठल्याही विहारात गेलात तर समोर तथागत भगवान बुद्ध आणि शेजारी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर असतात. एकाने अडीच हजार वर्षांपूर्वी धम्मचक्र फिरवलं. दुसऱ्याने ते थांबलेलं चाक या देशात पुन्हा फिरतं केलं. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेऊन लाखोंना दिली आणि दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला चांद्याला पुन्हा तोच सोहळा झाला. आपल्या वणी-राजूर भागाला नागपूरपेक्षा चांदा जवळ. तेव्हा हा इतिहास आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. ५६ साल सगळ्यांना पाठ आहे. पण तिथपर्यंत पोचलेला माणूस घडला कसा, हे किती जणांना नीट सांगता येतं? नव्या पिढीतल्या पोरांना विचारलं तर पुष्कळ जण सांगतात, बाबासाहेब जन्मापासूनच महान होते. हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते खरं नाही. आणि ते धोक्याचंही आहे. का, ते पुढे सांगतो.

महापुरुष झाला की त्याच्या जन्माभोवती कथा जमा होतात. तथागतांच्या जन्माभोवती अशा कितीतरी कथा आहेत. बाबासाहेबांच्या जन्माबद्दलही एक गोष्ट सांगतात. सुभेदार रामजींचे एक नातलग संन्यासी झाले होते, महूला त्यांची गाठ पडली आणि तुझ्या कुळात मोठा पुरुष जन्माला येईल असा त्यांनी आशीर्वाद दिला. ही गोष्ट चरित्रातही आलेली आहे. सांगणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आशीर्वादाने माणूस घडत असता तर या देशात संन्याशांची काय कमी होती? आपल्या लोकांच्या वाट्याला हजारो वर्षं एकही आशीर्वाद का आला नाही? म्हणून ती गोष्ट बाजूला ठेवू आणि ज्याचा पत्ता लागतो तेवढंच पाहू.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. महू आज मध्य प्रदेशात आहे, पण घर मराठी. मूळ गाव कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते, वडील रामजी फौजेत सुभेदार. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरची, तेही फौजी घराणं. रामजी-भीमाबाईंचं हे चौदावं अपत्य. चौदा झाली, पण जगली मोजकीच. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सगळ्यांत धाकटा हा भीम, घरातला भिवा. चौदा बाळंतपणं आणि त्यातली कितीतरी लेकरं मातीआड, हा त्या काळच्या गरिबाघरच्या बाईचा हिशेब होता. चौदावं रत्न म्हणून आपण गौरवाने म्हणतो, तेव्हा भीमाबाईचा हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

महारांच्या पोराला शिकलेला बाप मिळाला, हे त्या काळी नवलच होतं. ते घडलं फौजेमुळे. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. रामजी स्वतः शिकले, लष्करी शाळेत मास्तर झाले आणि चौदा वर्षं हेडमास्तरकी केली. इंग्रजी आणि गणित त्यांचं पक्कं. पुढे सरकारने महारांची फौजेत भरतीच बंद केली, तेव्हा ती दाराची फट मिटली. म्हणजे भिवाच्या घरात अक्षर आलं ते दैवाने नाही, एका उघडलेल्या दारातून आलं. दार उघडलं की माणूस आत येतो, बंद केलं की बाहेर राहतो, एवढीच गोष्ट आहे.

भिवा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी पेन्शनवर निघाले. महू सोडून बिऱ्हाड कोकणात दापोलीला आलं. तिथे पेन्शनर फौजी लोकांची वस्ती होती. पण पन्नास रुपये पेन्शनीत एवढं खटलं चालेना. रामजींनी खटपट करून नोकरी मिळवली आणि कुटुंब साताऱ्याला गेलं. साताऱ्याला आल्यावर थोड्याच काळात, १८९६ च्या सुमारास, भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा.

सिद्धार्थाची आई महामाया लेकराच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवलं. भिवाला वाढवलं त्याच्या आत्याने. मीराबाई तिचं नाव. रामजींची थोरली बहीण, पाठीला कुबड असलेली. आईवेगळ्या पोरांना तिने पोटाशी घेतलं. जेवू घातलं, रागावली, लाड केले. दोन्ही धम्मप्रवर्तकांची आई गेली आणि दोघांना दुसऱ्याच बाईने वाढवलं, याचा योगायोग म्हणून मी गाजावाजा करीत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की महाप्रजापतीचं नाव आपण वंदनेत, प्रवचनात ऐकतो. मीराबाईचं नाव आपल्या किती बायांना ठाऊक आहे?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका पोराचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे ते नाव आहे. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. आडनाव सकपाळ असताना आंबेडकर कसं झालं, हेही सांगून ठेवतो. गावावरून आंबडवेकर असं लावत. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण मास्तर होते, त्यांनी उच्चाराला सोपं म्हणून आपलंच आडनाव या पोराला दिलं, अशी आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. हे मास्तर मधल्या सुटीत आपली भाजी-भाकरी भिवाला देत. आणखी एक पेंडसे नावाचे मास्तर होते. भर पावसात भिजून आलेल्या भिवाला त्यांनी आपल्या घरी अंघोळीला आणि अंग कोरडं करायला पाठवलं होतं.

पण भाकरी देणारा एक हात आणि पाणी नाकारणारे शंभर हात, अशी ती शाळा होती. भिवा वर्गात वेगळा बसायचा, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा सुटली की गोणपाट काखोटीला मारून घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची, शिपाई यायचा, तो नळ सोडायचा, मग प्यायचं. शिपाई नसला की पाणी नाही. न्हावी केस कापत नव्हता, बहीणच केस कापायची. कपडे धुवायचे तेही बहिणींनी. साताऱ्यात न्हावी होते, परीट होते, पैसे देण्याची ऐपतही होती. पण पैशानेही विटाळ धुतला जात नव्हता.

१९०१ सालच्या उन्हाळ्यात जे घडलं ते तर प्रत्येक आई-बापाने पोरांना सांगावं असं आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता, त्यावर ते कॅशियर. सुटीत पोरांनी माझ्याकडे यावं, असं त्यांनी कळवलं. भिवा, थोरला भाऊ आणि घरातली लेकरं आनंदाने निघाली. नवे कोट, नव्या टोप्या, नवे जोडे. आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. पण बापाला पत्र पोचलेलंच नव्हतं, न्यायला कोणी आलं नाही. स्टेशन मास्तरने पोरांचे कपडे पाहून चांगल्या घरची समजून आपुलकीने चौकशी केली. पोरं खरं बोलली, आपण महार आहोत म्हणून सांगितलं. तसा मास्तरचा चेहरा पालटला आणि तो पाच पावलं मागे सरला.

गाडीवान बरेच होते, पण एकही तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. पोरांजवळ खायला भरपूर होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत पाणी म्हणून मिळालं ते शेणामुताने घाण झालेलं, तोंडाजवळ नेववेना. मध्यरात्रीच्या सुमाराला टोलनाका आला. तिथे तरी पाणी मिळेल म्हणून आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं. नाकेदाराने तरीही हाकलून लावलं. अन्न पुढ्यात असून पाण्यावाचून घास उतरेना म्हणून लेकरं उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गोरेगाव गाठलं. भिवा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. विटाळ म्हणजे काय ते घरात, शाळेत त्याने पाहिलेलंच होतं. पण या प्रवासाने मनावर जो डाग दिला तो कायमचा, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता असा हुशार पोरगा पहिल्यापासून पुस्तकात डोकं घालून बसत असेल, असं वाटतं ना? मुळीच नाही. भिवा हूड होता. मारामाऱ्या करायचा, हट्टी होता, अभ्यासात मन नसायचं. त्यात रामजींनी दुसरं लग्न केलं. आईची जागा दुसऱ्या बाईने घेतली, हे त्या पोराला सहन होईना. बापाच्या जिवावर जगायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, हे त्याच्या कानावर होतं. आपणही मुंबई गाठायची आणि गिरणीत कामाला राहायचं!

पण मुंबईचं भाडं कुठून आणायचं? आत्या कमरेला पैशाची पिशवी खोचून झोपायची आणि भिवा तिच्याजवळच झोपायचा. सलग तीन रात्री त्याने पिशवी काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतो तर आत फक्त अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई कुठली? त्या रात्री त्या पोराला स्वतःचीच लाज वाटली. गिरणीचा नाद सोडला, उनाडक्या सोडल्या आणि ठरवलं की अभ्यास इतका करायचा की एकेक परीक्षा लवकर पास होऊन स्वतःच्या पायावर उभं राहायचं. ही गोष्ट दुसऱ्या कोणी रचलेली नाही, बाबासाहेबांनीच आपल्या आठवणीत सांगितलेली आहे.

ही हकीकत वाचली की मी दरवेळी थांबतो. गिरणीचं काम काय असतं ते मला ठाऊक आहे. पोरसवदा वयात बदली म्हणून खात्यात उभा राहिलो, तो केस पांढरे होईपर्यंत. साच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कापसाची पीळ नाका-छातीत जाते आणि तिसरी पाळी करून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना पुस्तकातली ओळ दिसत नाही. कामाला मी कमी लेखत नाही, त्या कामानेच माझं घर चाललं. पण आत्याच्या पिशवीत त्या रात्री तीन-चार रुपये असते तर? एक चांगला कामगार मुंबईला मिळाला असता आणि आपल्याला बाबासाहेब मिळाले नसते. आपल्या वस्तीत, खाणीवर, चुन्याच्या भट्टीवर, पोटासाठी परगावी गेलेल्या आपल्या पोरांत असे किती भिवा लवकरच रोजावर लागले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

पुढे १९०४ साली हे कुटुंब मुंबईला आलंच. आणि आलं ते गिरणगावातच. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, त्यातच जळण, त्यातच माणसं आणि त्यातच एक बकरी. अभ्यासाला जागा कुठून आणायची? रामजींनी युक्ती काढली. संध्याकाळी पोराला लवकर झोपवायचं. उशाशी जातं, पायथ्याशी बकरी. आपण स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं आणि दोनला पोराला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. सगळी चाळ झोपलेली, आणि काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या फडफडत्या उजेडात भीमराव वाचत बसलेला. पुस्तक हवं असलं आणि पैसे नसले, की म्हातारा रामजी लेकीच्या घरी जायचा, तिचा दागिना मागून आणायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा आणि पुस्तक आणायचा. पेन्शन मिळाली की दागिना सोडवून लेकीला परत. दोघांना शिकवणं झेपेना म्हणून थोरल्या आनंदरावाने शाळा सोडून नोकरी धरली. एका भीमरावाच्या पुस्तकामागे बापाची झोप, बहिणीचा दागिना आणि भावाची शाळा गेलेली आहे. हे लक्षात ठेवावं.

शाळा आता एल्फिन्स्टन हायस्कूल. सरकारी शाळा, मुंबईसारखं शहर, तरी विटाळ होताच. एकदा मास्तरांनी गणित सोडवायला भीमरावाला फळ्याकडे बोलावलं तर वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागे पोरांचे डबे ठेवलेले. हा फळ्याला शिवला तर डबे बाटतील म्हणून पोरांनी धावत जाऊन आधी डबे काढले, मग हा फळ्याजवळ गेला. दुसरी भाषा म्हणून त्याला संस्कृत शिकायची फार इच्छा, पण अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारली गेली. फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकच्या सुमाराला भायखळ्याच्या मार्केटात, बाजार उठल्यावर रात्री, त्याचं लग्न लागलं. नवरी रमाबाई, दापोलीजवळच्या वणंद गावची, वय नऊ-दहा वर्षांचं. मंडप नाही, वाडा नाही. मासळीबाजाराच्या छपराखाली आपल्या रमाईचा संसार सुरू झाला.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर नावाचे एक शिक्षक संध्याकाळी येत. स्वतः ग्रंथकार. शिवाजी महाराजांचं, तुकारामांचं चरित्र लिहिणारे. रोज एकटा बसून वाचणारा हा पोरगा कोण, म्हणून त्यांनी चौकशी केली. जात कळल्यावर ते पाच पावलं मागे सरले नाहीत. उलट जवळ आले, काय वाचावं ते सांगू लागले. मसूरचा स्टेशन मास्तर आणि चर्नी रोडचे केळुस्कर, दोघांनीही एकच उत्तर ऐकलं. एकाने चेहरा फिरवला, एकाने पुस्तक पुढे केलं. माणसामाणसातला फरक तो हाच.

भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा लोकांनी सभा भरवून त्याचं कौतुक करायचं ठरवलं. चरित्रकार ही सभा १९०७ च्या मॅट्रिकनंतरची सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची म्हणून लिहिली आहे. साल कोणतंही धरा, गोष्ट तीच. रामजींचा सभेला साफ विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षाच तर पास झाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी लोक केळुस्करांकडे गेले, त्यांनी मध्यस्थी केली आणि सभा झाली. त्या सभेत केळुस्करांनी आपलंच एक पुस्तक भीमरावाला भेट दिलं. गौतम बुद्धाचं मराठी चरित्र, १८९८ साली प्रसिद्ध झालेलं.

भीमरावाने ते पुस्तक वाचून काढलं आणि त्याच्या मनात काहूर उठलं. घरातलं वातावरण त्याने पाहिलेलं होतं. रामजी कबीरपंथी. दारू नाही, पहाटे भजन, शिस्त कडक. पण त्याच घरात रोज रात्री झोपण्यापूर्वी रामायण-महाभारत वाचायची सक्ती होती. भीमराव आणि थोरला भाऊ वाचायचे. बहिणी आणि शेजारचे लोक ऐकायचे. अशी वर्षानुवर्षं गेली. बुद्धाचं पुस्तक वाचल्यावर त्याने बापाला सरळ प्रश्न केला. ज्या ग्रंथात ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते आम्हाला का वाचायला लावता? बुद्धाबद्दल आम्हाला का सांगितलं नाही?

बापाला राग आला. पोरांनी असले प्रश्न विचारू नयेत म्हणून गप्प केलं. पण पोरगं गप्प बसणारं नव्हतं. काही दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. आता रामजींनी समजावून सांगितलं. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात आपण हलके आहोत ही भावना बसू नये म्हणून हे ग्रंथ वाचायला लावतो. द्रोण, कर्ण लहान माणसं असून किती उंच गेली. वाल्मीकी कोळी असून त्याने रामायण रचलं. बापाच्या बोलण्यात तथ्य आहे हे पोराला कळलं, पण समाधान झालं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम, यातलं कोणीच आपल्याला का पटत नाही, हे त्याने एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. रामजी काहीच बोलले नाहीत. पोराच्या मनात बंड उभं राहिलं आहे, हे त्यांनी ओळखलं. आपण बुद्धाकडे वळलो ते असे, केळुस्करांच्या त्या पुस्तकामुळे, हे बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर छापून आला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. म्हणून पुष्कळ लोकांना ती गोष्ट उशिरा कळली.

केळुस्कर एवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा ते भीमरावाला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाला. १९१३ च्या सुरुवातीला बडोद्याला नोकरीवर रुजू झाला आणि २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. रात्री दोनपर्यंत जागणारा बाप पोराचं पुढचं काही पाहू शकला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचला. तिथून पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे.

आता त्या लहानपणाचा आणि ५६ सालाचा धागा कसा जुळतो ते पाहा. बाबासाहेब बुद्धाचं चरित्र लिहायला बसले तेव्हा त्यांनी जुनी कथा जशीच्या तशी घेतली नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, असं परंपरा सांगते. बाबासाहेबांनी विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, मेलेला माणूस पाहिला नव्हता, हे कसं पटावं? त्यांनी कारण मांडलं ते रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला आणि तो एकटा पडला. घरच्यांवर बहिष्कार येऊ नये, त्यांची जमीन जप्त होऊ नये म्हणून त्याने स्वतः देशत्याग पत्करला, परिव्राजक झाला.

साताऱ्याच्या नळापाशी शिपायाची वाट पाहत उभा राहिलेला पोरगा, मसूरच्या वाटेवर तहानलेला झोपलेला पोरगा, २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा पुढारी आणि रोहिणीच्या पाण्यापाशी सिद्धार्थाला पाहणारा ग्रंथकार, हा एकच माणूस आहे. पाण्यावरून माणसं माणसाशी कशी वागतात हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी घशाला पडलेल्या कोरडीने ओळखलं होतं.

म्हणूनच म्हणतो, बाबासाहेब जन्मतःच महान होते असं पोरांना सांगू नका. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी आपल्याकडून घेतली, बावीसांतली पाचवी. ज्याने बुद्धाला अवतार होऊ दिलं नाही, त्यालाच आपण अवतार करून ठेवायचं का? अवतार म्हटलं की आपली जबाबदारी संपते. तो मोठा होता, त्याने केलं, आम्ही हार घालतो, मेणबत्ती लावतो, झालं. पण तो घडवला गेला असं म्हटलं, की लगेच प्रश्न आपल्यावर येतो. दोनपर्यंत जागणारा बाप मी आहे का? पोटाशी घेणारी मीराबाई आमच्या घरात आहे का? दागिना देणारी बहीण, नोकरी धरणारा भाऊ, बागेत येऊन विचारपूस करणारा केळुस्कर आमच्या वस्तीत आहे का?

विहाराच्या वर्धापनदिनी खर्च होतो, मिरवणूक निघते, जेवणावळ होते. आनंदाचा दिवस आहे, व्हावं. पण त्यातला एक हिस्सा बाजूला काढून विहारात दोन कपाटं पुस्तकं, चार टेबलं आणि रात्री उशिरापर्यंत दिवा, एवढं झालं तर ती खरी वंदना होईल. ज्याच्या घरात एकच खोली आहे, ज्याच्या घरी टीव्ही आणि मोबाइलचा गोंगाट आहे, त्या पोराला रात्री बसून वाचायला विहाराचं दार उघडं पाहिजे. दहावी-बारावी पास झालेल्या पोरा-पोरींचा सत्कार आपण करतोच. त्या वेळी नुसती शाल-नारळ न देता एक पुस्तक द्यावं. ते बुद्धाचं असावं, बाबासाहेबांचं असावं, नाहीतर गणिताचंही चालेल. एका पुस्तकाने काय होतं, ते १९०७ आणि १९५६ या दोन सालांनी आपल्याला दाखवलेलं आहे.

आणि ते पोर उद्या पुस्तक वाचून आपल्यालाच उलटे प्रश्न विचारायला लागलं, तर त्याला गप्प बसवू नका. रामजींसारखं एकदा रागवा हवं तर, पण दुसऱ्यांदा विचारलं की बसवून उत्तर द्या. उत्तर पटलं नाही तर नाही. धम्म असाच पुढे गेला आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!